न हललेलं पाणी

“आबा, घाण वास येतोय,” ठमा म्हणाली.

“कुणाचा? तुझ्या मोज्यांचा?” त्याने पेपरातून डोकं वर न काढता विचारलं. एरवी अशा विनोदाला त्याची ही नात खुर्चीवरून घसरेपर्यंत हसायची. आज हसली नाही. एका पायात शाळेचा बूट, दुसरा पाय अनवाणी, अशी ती स्वयंपाकघराच्या दारात नाक चिमटीत धरून उभी होती. “मोज्यांचा नाही रे. गॅसचा.” त्याने पेपर टेबलावर ठेवला आणि आयुष्यभर परक्या स्वयंपाकघरांत गॅसची कामं करताना जे करत आला होता तेच केलं. डोळे मिटले, तोंड बंद केलं, आणि नाकाने सावकाश, छाती भरेपर्यंत श्वास घेतला. हवा आत आली. गार, मोकळी, सकाळची हवा. तिच्यात काहीही नव्हतं. “काही नाही ग राणी, जा, दुसरा बूट शोध,” असं तो म्हणतोय तोवर गॅलरीतून ओले कपडे घेऊन आलेली सून दारातच थबकली. “बाबा! अहो, गॅस! दूध उतू गेलंय!” कपडे तिथेच टाकून ती पंख्याच्या बटणाकडे धावली, आणि तो ओरडला, “बटणाला हात लावू नको!” तो आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. पुढचं सगळं हातांनी आपणहून केलं. शेगडीची कळ बंद. सिलिंडर नाही, पाइपाचा गॅस, म्हणून भिंतीवरची चावीही बंद. खिडकी सताड, गॅलरीचं दार सताड. ठमाला बखोटीला धरून बाहेर जिन्यात. हात शहाण्यासारखे वागत होते. तो मात्र कुठेतरी मागे राहिला होता, त्या टेबलापाशी, त्या खुर्चीत. कारण खुर्चीवरून हात लांब केला असता तर शेगडीला लागला असता. तिथे बसून त्याने पेपराचं एक अख्खं पान वाचलं होतं. ज्योत विझलेली, कळ उघडी, गॅस बारीक फसफसत बाहेर येतोय, आणि हा वाचतोय. पाचवं सरलेली पोरगी दुसऱ्या खोलीतून वास घेऊन आली होती.

“तुम्हाला वास नाही आला?” सुनेने विचारलं. रागाने नाही, आश्चर्याने. तेच जास्त लागलं. “सर्दी झालीय जरा,” तो म्हणाला. सर्दी नव्हती. श्वास दोन्ही नाकपुड्यांतून बासरीसारखा येत-जात होता.

वारा खेळून घर मोकळं झालं असं सुनेने सांगितलं, तेव्हा तो आत गेला. तिने सांगितलं म्हणून. हे त्याच्या लक्षात आलं आणि तो मध्येच थांबला, कारण असं कुणाच्या सांगण्यावरून तो आजवर कुठल्याच स्वयंपाकघरात शिरला नव्हता. तो सांगायचा आणि बाकीचे शिरायचे. त्याने फळीवरचा चहाचा डबा उघडून नाकाशी धरला. धुळीसारखं काहीतरी आत गेलं, वास नाही. साबणाची वडी. नाही. कापलेलं लिंबू. नाही. व्हिनेगरच्या बाटलीचं बूच काढलं, तर नाकात आत कुठेतरी चुरचुरलं आणि डोळ्यांत पाणी आलं, क्षणभर हायसं वाटलं. पण ते चुरचुरणं होतं, वास नव्हता. वास कसा असतो हे त्याला आठवत होतं, लिंबाचा कसा, साबणाचा कसा; आठवण डोक्यात स्वच्छ होती आणि हातातली वस्तू मुकी होती. म्हणजे इतके दिवस तो आठवणीच हुंगत होता की काय? चहाचा पेला हातात आला की चहाचा वास यायलाच हवा म्हणून येत होता? दारात सून उभी राहून हे सगळं बघत होती. तो लिंबू हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिला आणि त्याला एकदम आठवलं, गेले कित्येक दिवस तो ताटावर बसला की म्हणायचा, “हल्ली भाजीला चव नसते.” कालपरवा तर तिने दोनदा फोडणी घालून पाहिली होती, आणि तरीही तो म्हणाला होता, “राहू दे, तुझ्या सासूचा हात वेगळाच होता.” 

“केव्हापासून, बाबा?” सुनेने हळू विचारलं. आणि त्या ‘केव्हापासून’वर त्याने लिंबू खाली ठेवलं. तोवर तो फक्त नाकाचा विचार करत होता.

काल. काल त्याने गॅसचं काम पुरं करून शाळेचं नवीन स्वयंपाकघर ताब्यात दिलं होतं. ठमाचीच शाळा. मागच्या अंगाला बांधलेली बुटकी इमारत, आत मोठ्या पातेल्यांच्या शेगड्यांची रांग, माणूस उभा राहील एवढी भट्टी, वर पत्र्याचं खोटं छत आणि त्या छताच्या पोटातून गेलेला त्याचा पाइप. आज पहिल्यांदा तिथे सगळ्या मुलांचं जेवण शिजायचं होतं. ठमाने वर्गात सांगून ठेवलं होतं की शेगडी आमच्या आबांनी लावलीय, त्यामुळे जेवण आमच्याच घरचं आहे असं समजा. काल सगळं उरकून तो हत्यारं पिशवीत भरत होता, तेव्हा तिथली मुख्य स्वयंपाकीण, जिला सगळे काकू म्हणायचे, पदराने हात पुसत आली आणि म्हणाली, “फिटरकाका, मला जरासा वास येतोय हं.” त्याने डोळे मिटले, श्वास घेतला. काही नव्हतं. मग तो हसला. आपण कसे हसलो ते त्याला आता चेहऱ्याच्या स्नायूंत आठवलं; लहान मुलाला अंधारात काही नाही हे दाखवताना हसतो तसे. “काकू, काम नवीन आहे. जोडांना पेस्ट लावतो आम्ही, तिचा वास. दोन दिवस येईल, मग जाईल.” काकू म्हणाली, “तुम्ही म्हणता तर असेल बाई. तुमचं नाक मोठं, आमचं आपलं शेंगदाण्याएवढं.” आणि दोघंही हसले. त्याला तेव्हा ते बोलणं आवडलं होतं. धंद्यात त्याला ‘नाकवाले’ म्हणायचे ते उगीच नाही, असं काहीसं मनात येऊन गेलं होतं.

“ठमाला शाळेत पाठवू नकोस,” तो म्हणाला. सुनेने कपाळाला आठ्या घातल्या, मग त्या आठ्या उलगडल्या आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तिला सांगावं लागलं नाही.

फोन त्याने आधी उचलला आणि विचार नंतर केला. स्वयंपाकघराचा नंबर कालच काकूने त्याच्याकडून पाठ करून घेतला होता. पलीकडे घंटी वाजली. एकदा. आणि त्याच्या डोळ्यांसमोर तो फोन आला. भिंतीवर, छताच्या जवळ, खिळ्याला टांगलेला जुनाट फोन, आत खरीखुरी घंटा, घंटेवर आपटणारी दांडी, आणि दांडी हलवायला वीज. ठिणगी. आपण स्वतः घरातून बोटाने त्या खोलीत ठिणगी पाडतोय. त्याने फोन इतक्या जोरात ठेवला की टेबलावरचा पेला पडला. मग तो ऐकत उभा राहिला. शाळा दूर होती. इतक्या लांबून काही ऐकू आलं नसतं, हे त्याला कळत होतं, तरी तो ऐकत होता. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. वरच्या मजल्यावर नळ चालू होता. शहर आपल्या रोजच्या आवाजात होतं, आणि त्या आवाजात एखादा आवाज मिसळून गेला की नाही ते त्याला सांगता आलं नसतं. “गॅस कंपनीच्या तातडीच्या नंबरावर लाव,” त्याने सुनेला सांगितलं, “शाळेचं मागचं स्वयंपाकघर म्हण, गळती म्हण, माझं नाव सांग. मग फाटकावरच्या चौकीला लावत राहा. चौकी लांब आहे, तिथे चालेल. स्वयंपाकघराला कुणीही लावायचा नाही.” चपला घालताना त्याला दिसलं, ठमा जिन्याच्या पायरीवर बसून दुसरा बूट पायात चढवत होती. “आबा, मी बरोबर ओळखलं ना?” तिने विचारलं. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

टॅक्सीत बसल्यावर वेळ थांबला. चाकं फिरत होती, दुकानांच्या पाट्या मागे जात होत्या, कुणी फळी उचलत होतं, कुणी दारापुढे पाणी मारत होतं, आणि तो एकाच जागी होता. ठमाने एकदा विचारलं होतं, गॅस दिसत नाही तर तो आहे हे कसं कळतं? तेव्हा त्याने तिला मांडीवर घेऊन सांगितलं होतं, की गॅसला स्वतःचा वासच नसतो. पाण्यासारखा असतो बिचारा, ना रंग ना वास. म्हणून कारखान्यात त्याच्यात मुद्दाम घाण वास मिसळतात. तुझे लहानपणीचे ते चिवचिवणारे बूट होते ना, चाललीस की वाजायचे, म्हणून तू पलंगाखाली गेलीस तरी आईला कळायचं? तसे गॅसला घातलेले बूट. ठमाला ते फार आवडलं होतं. “मग बूट न घालता गॅस आला तर?” तिने विचारलं होतं. तो म्हणाला होता, “तसं होत नाही. बूट घातल्याशिवाय त्याला घराबाहेर सोडतच नाहीत.” बूट वाजत होते. काल त्या छताखाली ते वाजत असणार, आज सकाळी त्याच्या कोपरापाशी वाजत होते. ऐकणारा बहिरा झाला तर काय, हे ठमाने विचारलं नव्हतं, आणि त्यालाही सुचलं नव्हतं.

केव्हापासून. त्याने मागे जायचा प्रयत्न केला, अंधाऱ्या जिन्यात पायाने पायरी चाचपावी तसा. गेल्या हिवाळ्यात ताप आला होता. नाक चोंदलं होतं, डोकं जड, अंग ठणकत होतं. मग ताप उतरला, नाक मोकळं झालं, आणि नाक मोकळं झालं म्हणजे नाक बरं झालं असं त्याने धरलं. कुणीही धरेल. त्या तापानंतर, अंथरुणातून उठल्यावर पहिल्याच दिवशी, तो बायकोच्या कपाटाशी गेला होता. ती जाऊन तेव्हा बरेच महिने झाले होते. तिची शाल त्याने घडी करून कपाटात ठेवली होती, आणि मधूनमधून, घरात कुणी नसताना, दार उघडून तो तिच्यात तोंड खुपसायचा. तिचा वास होता तिच्यात. काय म्हणावं त्या वासाला ते त्याला कधी ठरवता आलं नाही. अंगाचा, तेलाचा, झोपेचा. त्या दिवशी त्याने शाल तोंडाशी धरली आणि ती नुसती लोकर होती. त्याने उलगडून पाहिली, आतल्या घडीत पाहिलं, काठाशी पाहिलं. नव्हता. त्याला वाटलं, संपला. वास म्हणजे काही दगड नव्हे, उडणारच. त्याने शाल परत घडी घातली, कपाट बंद केलं, आणि आता दुसऱ्यांदा गेली असं मनाशी म्हणून पुन्हा ते दार उघडलं नाही. त्या वेळी तो रडला होता. टॅक्सीच्या मागच्या सीटवर त्याला आत्ता थंडी वाजली. शाल मुकी नव्हती. म्हणजे कदाचित नव्हती. पण त्या विचाराला धरून ठेवायला आत्ता हात रिकामे नव्हते.

आणि तरी, त्याने स्वतःला बजावलं, मी काही नुसत्या नाकावर काम सोपवत नाही. मी पाणी लावलं होतं. काचेची वाकवलेली नळी, तिच्यात रंगीत पाणी. पाइपात गॅस भरायचा, मुख्य चावी बंद करायची, आणि बघत बसायचं. कुठे गळत असेल तर आतला दाब उतरतो, दाबाबरोबर पाणी उतरतं. पाणी खोटं बोलत नाही. काल त्याने पाणी लावलं होतं, मांडी घालून समोर बसला होता, आणि ते पाणी हललं नव्हतं. इतकं शांत पाणी त्याने क्वचितच पाहिलं होतं. चांगल्या कामातसुद्धा थोडं थरथरतं, खोली तापली की कणभर चढतं. हे मात्र काढलेल्या चित्रासारखं. त्याला त्या पाण्याचं कौतुक वाटलं होतं. मनात आलं होतं, या वयातही हात असा चालतो. साबणाचं पाणी घेऊन खालच्या जोडांना लावलं, पण शिडी चढून छताच्या पोटातल्या जोडांपर्यंत गेला नाही, कारण पाणी हललं नव्हतं ना. गॅस हुंगणारं यंत्र पिशवीच्या तळाशी होतं. ते तो काढायचाच नाही. हाताखालची पोरं विचारायची, तर म्हणायचा, माझं नाक त्याच्या आधी बोलतं.

सिग्नलला टॅक्सी थांबली. समोर एक बाई पाण्याच्या टाकीच्या गाडीची तोटी बंद करत होती. तोटी पूर्ण फिरली तरी धार थांबली नव्हती. बारीक, सुतासारखी पडतच होती, आणि खाली ठेवलेली बादली, जी बुडाशी चिरली होती आणि गळत होती, ती काठोकाठ भरलेली होती. त्याने ते पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. बादली गळतेय आणि पाणी हलत नाही. गळतंय तेवढं वरून येतंय. काल मुख्य चावी बंद करताना ती शेवटी खट्ट करून बसली नव्हती. मऊ लागली होती, लोण्यात सुरी थांबावी तशी. त्याच्या मनगटाला ते कळलं होतं. मनगटाने ते वर डोक्याकडे पाठवलंही असेल. अशा वेळी आधी दाब अर्ध्यावर ठेवून चावी बंद करायची आणि पाणी चढतं का ते बघायचं असतं. चढलं तर चावी आतून झिरपते आहे, आणि मग पुढचं सगळं बघणं फुकट. हे त्याने स्वतः कितीतरी पोरांना शिकवलं होतं, आणि काल केलं नव्हतं, कारण चावी नवीन होती. नवीन चावी झिरपत नाही. नवीन कामाला वास येतो. पाणी हललं नाही. नाकाला काही लागलं नाही. तीन साक्षीदार एका आवाजात बोलले होते आणि तिन्ही खोटे होते. खरं बोलत होती ती शेंगदाण्याएवढ्या नाकाची बाई, आणि तिला त्याने हसून गप्प केलं होतं. “संध्याकाळी जाताना ही चावी बंद करत जा काकू,” असंही वर सांगितलं होतं. म्हणजे काल संध्याकाळी तिने शहाण्यासारखी चावी बंद केली असणार, खिडक्या लावल्या असणार, आणि रात्रभर ती चावी झिरपत होती आणि तो जोड गळत होता आणि हलका गॅस वर चढून छताच्या पोटात साठत होता. “जरा पळवा हो,” तो म्हणाला. टॅक्सीवाला आरशात बघून म्हणाला, “लाल आहे, आजोबा.”

शाळेच्या फाटकावर चौकीत फोन वाजत होता आणि चौकीत कुणी नव्हतं. वाजवणारी सून होती. तो तसाच रिकाम्या मैदानातून धावत सुटला, शाळा अजून भरायची होती. या वयात धावणं म्हणजे गुडघ्यांची विनवणी करणं. इमारत उभी होती. ती उभी आहे एवढ्याने त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. स्वयंपाकघराच्या पायरीवर काकू बसली होती. पुढ्यात परात, परातीत कांदे, हातात सुरी. दार मागे उघडं. 

“आलात का! बरं झालं,” ती म्हणाली. “आत डोकं भणभणायला लागलं तुमच्या त्या पेस्टने. म्हटलं, कांदे बाहेरच चिरावेत. आता पेटवणारच होते मी.” आणि तिने एप्रनच्या खिशावर थाप मारली. खिशातून शेगडी पेटवायच्या लायटरचं तोंड बाहेर आलं होतं.

“आत कोण आहे?”

“कुणी नाही. दोघीजणी भाजी आणायला गेल्यात. का हो? असे काय बघताय?”

“काकू, उठा. लायटर तिथेच पायरीवर ठेवा. दाबू नका. हळू ठेवा. आणि मैदानात जाऊन उभ्या राहा.”

ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने विंचू काढून ठेवावा तसा लायटर दोन बोटांनी काढून पायरीवर ठेवला आणि परात तशीच सोडून उठली. तो इमारतीला वळसा घालून मीटरकडे गेला. तिथे आणखी एक चावी होती, कंपनीची, जुनी, गंजकी. ती त्याने दोन्ही हातांनी फिरवली. शेवटी ती खट्ट करून बसली. त्या आवाजासारखं गोड त्याने फार दिवसांत काही ऐकलं नव्हतं. मग बाहेरूनच एकेक खिडकी ढकलून उघडली आणि तो मैदानात काकूच्या शेजारी जाऊन उभा राहिला. आत जायचं नव्हतं. थांबायचं होतं. सगळ्यात कठीण काम हेच, असं तो पोरांना सांगायचा. हात शिवशिवत असताना हात बांधून उभं राहणं.

“पेस्ट नव्हती ना ती?” काकूने विचारलं.

“नाही.”

“मला कालच वाटलं. रात्री घरी जाऊनसुद्धा नाकातून जाईना. नवऱ्याला म्हटलं, तर तो म्हणाला, अग एवढा अनुभवी माणूस सांगतोय, तुझ्या नाकातच काही बिघाड असेल. मग मलाही वाटायला लागलं, असेल बाई.” ती थांबली. “सकाळी एकदा फोन वाजला आत. मी उचलायला जाणार होते, तर बंद पडला.”

त्याचे दात एकमेकांवर वाजत होते आणि ऊन चांगलं तापलं होतं.

कंपनीची गाडी आली. त्यातून उतरलेला माणूस त्याला ओळखत होता, “अरे, नाकवाले! तुम्ही असताना आम्हाला कशाला बोलावलंत?” असं म्हणत आला, आणि त्याचा चेहरा बघून पुढचं बोलायचा थांबला. यंत्र घेऊन तो दारापासून आत, आतून वर, शिडीवरून छताच्या फटीपर्यंत गेला, आणि फटीशी ते यंत्र किंचाळलं. पत्रे काढले, पुन्हा वारा खेळू दिला, पुन्हा यंत्र धरलं, आणि ते गप्प झाल्यावरच दोघं नळी घेऊन बसले. बाहेरची चावी उघडून दाब अर्ध्यावर आणला, आतली नवीन चावी बंद केली. काल जे केलं नव्हतं ते. पाणी चढायला लागलं. बंद चावीपलीकडे, कुणी हात न लावता, रंगीत पाणी काचेतून सावकाश वर सरकत होतं, आणि तो त्याच्याकडे असा बघत होता, जणू ओळखीच्या माणसाने समोर बसून आपल्या खिशात हात घातला होता. मग बाहेरची चावी बंद केली, आणि तेच पाणी उतरायला लागलं. शिडी चढून त्याने ब्रशने साबणाचं पाणी लावलं. भट्टीवरच्या वळणाच्या जोडावर एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. त्याच्या मागून दुसरा. इतकं सोपं होतं. दिसत होतं. नाक नसलेल्यालाही दिसलं असतं.

“होतं असं,” कंपनीचा माणूस खालून म्हणाला. “चावीत कचरा अडकला असेल. तुमचा दोष नाही.”

तो शिडी उतरला. खाली आल्यावर पाय जमिनीला लागले तरी उतरणं संपलं नाही असं वाटत होतं. काकू परत पायरीवर येऊन कांदे चिरत होती. मुलांना आज काही पेटवायची गरज नाही असं खायला द्यायचं ठरलं होतं, आणि चिरलेलं वाया कशाला घालवायचं म्हणून ती चिरतच राहिली होती. तो तिच्याशेजारी बसला. परातीतून वाफ यावी तसं काहीतरी वर आलं आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“रडू नका हो फिटरकाका, वाचलो आपण,” ती म्हणाली.

“कांदा आहे,” तो म्हणाला.

“कांदा तर आहेच. केवढा उग्र आहे, माझं डोकं उठलं.”

“उग्र आहे?” त्याने विचारलं. त्याने एक चकती उचलून नाकाशी धरली. डोळे भळभळले. आत काही नाही. कंपनीचा माणूस पुढ्यात उभा होता, पिशवी आवरत. काकूकडे आणि त्या माणसाकडे आळीपाळीने बघून तो म्हणाला, “मला वास येत नाही.” आवाज बारीक निघाला, म्हणून पुन्हा म्हणाला. “मला कशाचाच वास येत नाही. गेल्या हिवाळ्यापासून. आज सकाळी कळलं. हिवाळ्यापासून मी जिथे जिथे काम केलं, ती सगळी ठिकाणं पुन्हा तपासायला हवीत. मी पत्ते देतो. पण माझ्याबरोबर कुणीतरी यायला हवं. ज्याला वास येतो असं.”

कंपनीच्या माणसाने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, “आजच सुरू करू.” काकू म्हणाली, “इथलं झालं की मला सांगा. पेटवायच्या आधी मी हुंगीन.” 

दिवसभर ते फिरले. बेकरीत, धोबीखान्यात, एका वसतिगृहाच्या तळघरात. प्रत्येक दारात त्याला तेच वाक्य म्हणावं लागलं, आणि प्रत्येक वेळी ते तोंडातून निघताना नवीन असल्यासारखं त्यालाच दचकवत होतं. बेकरीवाला म्हणाला, “थट्टा करता काय राव!” वसतिगृहाच्या बाईंनी दार अर्धं लावून घेतलं. त्या दिवशी पाहिलं तेवढं धड निघालं. उरलेलं उद्या. तो घरी आला तेव्हा ठमा जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती, आणि सून काही विचारावं की नाही अशा चेहऱ्याने उभी होती. “कुणाला काही झालं नाही,” तो म्हणाला. मग थांबून म्हणाला, “भाजी चांगली होत होती ग. रोज चांगली होत असणार.” ती वळून पाण्याचा पेला भरायला गेली, आणि बराच वेळ भरत राहिली.

तो आतल्या खोलीत गेला. कपाटाचं दार चिकटलं होतं. हिवाळ्यापासून उघडलं नव्हतं. शाल होती तिथेच होती, घडीवर घडी. त्याने ती काढली आणि तोंडाशी नेता नेता थांबला. सकाळपासून जे मनात एका कडेला धरून ठेवलं होतं ते आता समोर होतं, आणि त्याला आत्ता शाळेच्या पायरीपेक्षाही जास्त भीती वाटत होती. “ठमा,” त्याने हाक मारली. “इकडे ये ग जरा.” ती हातात खडू घेऊन आली. तो पलंगावर बसला आणि शाल त्याने तिच्यापुढे धरली, दोन्ही हातांवर, ती गरम असल्यासारखी. “हिला वास येतो का बघ.”

ठमाने शालीत नाक घातलं. पूर्ण चेहराच घातला. तिची पाठ श्वासाने फुगली, खाली आली, पुन्हा फुगली. तो तिच्या पाठीकडे बघत होता. तिने चेहरा वर केला.

“येतो की,” ती म्हणाली. “तुला नाही येत?”

“नाही.”

“अजिबात?”

“अजिबात नाही. तू सांग.”

ठमाने पुन्हा नाक घातलं. ती घाई करत नव्हती. शाळेत काही विचारलं की ती अशीच डोळे मिटून विचार करायची, तिच्या बाईंनी सांगितलं होतं. “तेलाचा येतो,” ती शालीतून म्हणाली, “आणि उशीचा. आणि… थांब हं.” तो थांबला.